कातडींतले रंगारी

(नभोवाणीवरील भाषण)



दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. फाल्गुनाचे दिवस होते. मृग बहाराचीं संत्रीं बाजारांत येत होतीं. काटोलकडचा एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यांत आला. मुलगी वीस वर्षांची. ऊन तापूं लागलें होतें, तरी तिच्या अंगांत मनगटापर्यंत बाह्या होत्या. तिनें बाही वर केली. कोपराजवळ रुपयाएवढा एक डाग, खडूनें रंगवावा तसा पांढराशुभ्र, आणि मनगटावर तसाच दुसरा लहान. तिची सोयरीक ठरली होती. वरपक्षाकडील कोणा बाईच्या दृष्टीस हा डाग पडला आणि आठवड्याच्या आंत बोलणें मोडलें. आई दाराशीं उभी राहून डोळे पुशीत होती. "काऊन झालं असन हे?" एवढेंच ती पुनः पुनः म्हणे. बाप बराच वेळ गप्प होता. शेवटीं तो म्हणाला, "डाक्तरसाहेब, पोरीचा रंग गेला कुठी जी?"

तीस वर्षांच्या व्यवसायांत मला नाना प्रश्न ऐकावे लागले आहेत, परंतु इतका नेमका प्रश्न क्वचितच. त्यानें रोगाचें नांव विचारलें नाहीं. हें कोणाच्या पापाचें फळ, असेंहि विचारलें नाहीं. रंग ही एक वस्तु आहे, ती काल तेथें होती आणि आज नाहीं, एवढें त्या शेतकऱ्यानें बरोबर हेरलें होतें. ती गेली कोठें हें सांगावयाचें, तर मुळांत ती येते कोठून हें आधीं सांगावें लागतें. त्या दिवशीं बाहेर रोगी ताटकळत असल्यामुळें मला तें सारें सांगतां आलें नाहीं. आज नभोवाणीमुळें थोडा अवकाश मिळाला आहे.

आपली कातडी म्हणजे एकच पापुद्रा नव्हे. वर एक पातळ थर असतो. अंगावर बहुतेक ठिकाणीं त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढीच असते. त्याच्या खालीं रक्तवाहिन्यांनीं आणि मज्जातंतूंनीं भरलेला दुसरा जाड थर असतो. हात भाजून फोड येतो आणि पुढें फोडाचें कातडें निघून जातें, तेव्हां खालचा भाग गुलाबी दिसतो. माणूस गोरा असो, सांवळा असो वा काळाकुट्ट असो, आंतला गुलाबी रंग तोच. याचा अर्थ असा कीं, ज्या रंगावरून आपण माणसामाणसांत एवढा भेद करतों, तो सारा त्या वरच्या पातळ थरांत सांठविलेला असतो. बोलोन्या येथील माल्पिघी नांवाच्या वैद्यानें सतराव्या शतकांतच, सूक्ष्मदर्शक यंत्र नवें नवें असतांना, हें ताडलें होतें. काळ्या माणसाचा काळेपणा अगदीं बाहेरच्या मृत पापुद्र्यांत नसून त्याच्या लगत खालीं असतो, असें त्यानें लिहून ठेवलें.

या रंगांत दुसरेहि लहानसहान वाटेकरी आहेत. रक्ताचा तांबूसपणा गोऱ्या गालांवर उमटतो, हें सर्वांना ठाऊक आहे. गाजर, पपई, आंबा आणि आपलें नागपुरी संत्रें यांतील पिवळें द्रव्यहि कातडींत थोडेंफार उतरतें. एखाद्या कौतुकाच्या नातवाला आजी रोज गाजराचा रस पाजते, कांहीं आठवड्यांनीं त्याचे तळहात पिवळे दिसूं लागतात, आणि घरांत काविळीची भीति पसरते. काविळींत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो. येथें तो स्वच्छ राहतो. रस कमी केला कीं हात पूर्ववत् होतात. परंतु ही केवळ वरवरची छटा. खरा रंग निराळ्याच कारखान्यांत तयार होतो.

त्या पातळ थराच्या अगदीं तळाशीं पेशींची एक रांग असते. या पेशी सतत विभागत असतात. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात, आणि सुमारें महिनाभरांत त्या पृष्ठभागावर पोंचून, वाळून, झडून जातात. न्हातांना अंग चोळल्यावर जो मळ निघतो त्यांत त्यांचाच भरणा असतो. या तळच्या रांगेंत दर आठ-दहा पेशींमागें एक पेशी अगदीं वेगळ्या घराण्यांतली बसलेली असते. ती वर सरकत नाहीं, झडत नाहीं. तीच रंगपेशी. नागपुरी लुगडीं विणणाऱ्या कोष्ट्यांच्या वस्तींत मागांचीं घरें पुष्कळ, पण सूत रंगवून देणारा रंगारी एखादाच. तशीच ही व्यवस्था. या रंगाऱ्याला झाडाच्या मुळ्यांसारखे लांब फांटे असतात, आणि ते शेजारच्या पेशींच्या फटींतून दूरवर गेलेले असतात. रंगपेशीच्या पोटांत बारीक पिशव्या असतात. त्यांत रंग तयार होतो, त्या काळ्या पडतात, आणि मग त्या फांट्यांवाटे शेजाऱ्यांच्या स्वाधीन केल्या जातात. एक रंगारी अशा सुमारें छत्तीस पेशींना रंग पुरवितो, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. आपण ज्याला कातडीचा रंग म्हणतों तो अशा रीतीनें रंगाऱ्याच्या घरीं नसून गिऱ्हाइकांच्या घरीं असतो.

आतां थोडें आश्चर्य वाटेल अशी गोष्ट सांगतों. गोऱ्या माणसाच्या कातडींत रंगपेशी कमी आणि काळ्याच्या कातडींत जास्त, असें आपणांस वाटत असेल. तसें नाहीं. शरीराचा एकच भाग घेऊन मोजदाद केली, तर नॉर्वेच्या कोळ्याच्या आणि गडचिरोलीच्या माडिया गोंडाच्या कातडींत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच भरते. चेहऱ्यावर त्या अधिक असतात, धडावर कमी, हाच काय तो फरक. पण तो सर्व माणसांत तसाच. भेद आहे तो रंगकणांत. सांवळ्या-काळ्या कातडींत हे कण मोठे, पूर्ण पिकलेले आणि सुटे-सुटे विखुरलेले असतात, व पेशी वर सरकत असतांहि बराच काळ टिकून राहतात. गोऱ्या कातडींत ते लहान असतात, झुबक्यांनीं बांधलेले असतात, आणि वाटेंतच विरघळून जातात. रंगारी तितकेच, कोणी गडद रंग देतो, कोणी फिका, एवढेंच.

हा रंग बनतो कसा, हें पाहावयास प्रयोगशाळेंत जाण्याची जरूर नाहीं. भरलीं वांगीं करतांना गृहिणी वांगें चिरते आणि लगेच पाण्यांत टाकते. कां? उघडें राहिलें तर तें काळें पडतें म्हणून. वांग्यांत तांबें असलेलें एक विकर असतें, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन. हवेंतील प्राणवायूच्या साह्यानें तें फळांतील निर्वर्ण द्रव्यांचें काळपट द्रव्य करून टाकतें. आपल्या रंगपेशींत याच कुळांतलें, तांब्यावरच चालणारें एक विकर असतें. त्याचें नांव टायरोसिनेज. डाळी, दूध, अंडीं यांच्या प्रथिनांतून मिळणारें टायरोसीन नांवाचें द्रव्य घेऊन तें त्याचें रूप पायरीपायरीनें पालटतें, आणि शेवटीं जें काळें द्रव्य हातीं येतें त्यास मेलॅनिन म्हणतात. ब्रूनो ब्लॉख या स्विस त्वचारोगतज्ज्ञानें १९१७ सालीं या मार्गांतील डोपा नांवाचें मधलें द्रव्य घेतलें आणि त्याच्या द्रावणांत कातडीचे पातळ काप बुडविले. काप जवळजवळ जसाच्या तसा राहिला. फक्त तळच्या रांगेंतल्या रंगपेशी, फांट्यांसकट, काळ्या होऊन उठून दिसल्या. रंगारी कोण हें अशा रीतीनें उघडकीस आलें. मेलॅनिनच्या जाती दोन. एक काळें-तपकिरी, आणि गंधकयुक्त द्रव्याचा मिलाफ झाला म्हणजे होणारें दुसरें तांबूस-पिवळें. युरोपांतल्या कांहीं लोकांचे तांबडे केस या दुसऱ्या जातीमुळें असतात.

कांहीं माणसें जन्मतःच सर्वांगानें पांढरीं असतात, केस आणि पापण्यासुद्धां. उजेडांत त्यांचे डोळे दिपतात. यांच्या कातडींत रंगारी आपापल्या जागीं बसलेले असतात, परंतु त्यांचा माठ रिकामा असतो, कारण त्या विकरांत किंवा त्याच्या मदतनिसांत जन्मजात दोष असतो. हा प्रकार आणि काटोलच्या मुलीचा डाग हे दोन्ही पांढरेच. पण एकांत रंग नाहीं, दुसऱ्यांत रंगारीच नाहीं. हा भेद लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडेल.

एवढा खटाटोप निसर्गानें केला तो आपण सुंदर दिसावें म्हणून खास नव्हे. मेच्या अखेरीस एके दुपारीं सूर्य नागपूरच्या अगदीं माथ्यावर येतो. त्या वेळीं शून्य मैलाच्या खांबाची सावली त्याच्या पायाशींच लुप्त होते. जुलैच्या मध्यास पुन्हां तसेंच, परंतु तेव्हां बहुधा ढग असतात. २३ मे २०१३ रोजीं येथील पारा ४७.९ अंशांवर चढला होता, हें पुष्कळांस आठवत असेल. पण उन्हानें कातडी काळवंडते ती मुख्यतः या उष्णतेमुळें नव्हे, तर उन्हांतील डोळ्यांस न दिसणाऱ्या अतिनील किरणांमुळें. हे किरण पेशीच्या केंद्रांत शिरून तेथील जनुकद्रव्य तोडतात. मोड झाली कीं पेशी शेजारच्या रंगाऱ्याकडे रासायनिक निरोप धाडते, आणि दोन-तीन दिवसांत नवा माल येऊं लागतो. रंगकण हातीं आल्यावर पेशी ते कसेहि पसरून ठेवीत नाहीं; केंद्राच्या वरच्या, सूर्याकडील बाजूस त्यांची टोपी रचते. सूक्ष्मदर्शकाखालीं हें दृश्य मीं प्रथम पाहिलें तेव्हां डोक्यावर पदर घेऊन निंदणास बसलेल्या बायांची रांगच मला आठवली. काळ्या माणसाच्या वरच्या थरांतून या तीव्र किरणांचा जितका भाग आंत जातो, त्याच्या तिपटीहून अधिक गोऱ्याच्या थरांतून जातो. गोऱ्या लोकांत कातडीचा कर्करोग अधिक आढळतो, त्याचें हें एक मोठें कारण.

मग सर्वच माणसें काळीं कां झालीं नाहींत? पुष्कळ शास्त्रज्ञांचें मत असें कीं, येथें दोन गरजांची ओढाताण आहे. अतिनील किरण रक्तांतील फोलेट या जीवनसत्त्वाचा नाश करतात, आणि गर्भाच्या वाढीस तर तें अत्यावश्यक. उलट ड जीवनसत्त्व कातडींत तयार होण्यास याच किरणांची जरूरी असते. विषुववृत्ताजवळ छत्री दाट हवी, उत्तरेकडील मंद उन्हांत ती विरळ चालते. या फेरबदलास जबाबदार अशा जनुकांपैकीं एक गमतीनें सांपडलें. प्रयोगशाळेंत पाळलेल्या पट्टेदार झेब्रा माशाची एक सोनेरी जात होती. तिचा फिकेपणा कशानें, हें शोधतां शोधतां अमेरिकेंतील शास्त्रज्ञ २००५ सालीं माणसाच्या जनुकापर्यंत पोंचले. त्या जनुकांत एकाच अक्षराचा फरक झाला कीं कातडी उजळते. हैदराबादच्या संशोधकांनीं २०१३ सालीं दाखवून दिलें कीं, भारतीयांतील आणि युरोपियनांतील हा फरक एकाच पूर्वजाकडून आलेला आहे. आपल्याकडे एकाच आईच्या पोटीं एक मूल गव्हाळ, दुसरें सांवळें, तिसरें गोरें निघतें, आणि शेजारणी कुजबुजतात. कुजबुजण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. रंगाचीं जनुकें अनेक आहेत आणि प्रत्येक मुलाच्या वाट्यास त्यांतलीं निरनिराळीं येतात. विवाहाच्या जाहिरातींतील 'गोरी हवी' या दोन शब्दांनीं ज्या मलमांचा व्यापार चालतो त्यांविषयीं मी अधिक बोलत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, त्यांपैकीं कित्येकांत डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून वापरूं नये असें औषध मिसळलेलें असतें, आणि त्यानें पातळ होऊन लाल पडलेले चेहरे माझ्याकडे दर आठवड्यास येतात.

रंगपेशी वेगळ्या घराण्यांतली, असें मीं मघाशीं म्हटलें. तिचें माहेर कातडींत नाहींच. गर्भ अगदीं लहान असतां त्याच्या पाठीच्या मध्यरेषेवर, जेथें पुढें मज्जारज्जु होतो तेथें, पेशींची एक कड असते. मज्जातंतूंचा कांहीं भाग या कडेपासून बनतो आणि रंगपेशीहि तेथूनच निघतात. मेरी रॉल्स या बाईंनीं १९४७ सालीं उंदराच्या गर्भावर प्रयोग करून ही गोष्ट सस्तन प्राण्यांतहि खरी असल्याचें सिद्ध केलें. तेथून निघून या पेशी कातडीखालून दोहों बाजूंनीं पोटाकडे, कपाळाकडे, पायांकडे, शेपटाकडे प्रवास करीत जातात. प्रवास लांबचा, कधीं कधीं त्या टोंकापर्यंत पोंचत नाहींत. कोठें पोंचत नाहींत, हें पाहावयाचें असेल तर आपल्या वऱ्हाड-नागपुराकडची नागपुरी म्हैस पाहावी. अंग काळें, परंतु तोंडावर, पायांवर आणि शेपटाच्या गोंड्यावर पांढरा रंग. जेथें प्रवास संपतो तींच हीं ठिकाणें. माणसांतहि कपाळावर जन्मतः पांढरी बट असलेलीं कुटुंबें आढळतात. कारण बहुधा हेंच. मीं त्या शेतकऱ्यास हें सांगितलें तेव्हां तो प्रथमच थोडा हंसला. त्याच्या गोठ्यांत अशी एक म्हैस होती, आणि तिच्या कपाळावरच्या चांदावरून कोणी गिऱ्हाईक परत गेलेलें त्याला आठवत नव्हतें.

आतां केसांकडे वळूं. केसाचें खातें कातडीच्या खात्याहून निराळें असतें. वर्धेकडच्या गवळाऊ जातीच्या बैलाचें अंग पांढरें असतें, पण नाकपुडी आणि खूर काळे असतात, त्यावरून हें ध्यानांत येईल. प्रत्येक केसाच्या मुळाशीं, कातडीच्या आंत खोल, एक गड्डा असतो आणि त्याचे स्वतःचे रंगारी असतात. केस वाढत असेपर्यंत ते त्यांत रंग भरतात. केस बाहेर आला कीं तो मृत वस्तु. त्यांत पुढें आंतून बदल होणें नाहीं. म्हणून एका रात्रींत भीतीनें केस पांढरे झाले, ही कथा ऐकावयास रम्य असली तरी जशी सांगतात तशी संभवत नाहीं. क्वचित् असें होतें कीं, एका विकारानें डोक्यावरचे काळे केस झपाट्यानें गळतात आणि आधींपासून असलेले पांढरे तेवढे राहतात; बघणारास वाटतें, डोकेंच पांढरें झालें. डोक्यावरचा एकेक केस कांहीं वर्षें वाढतो, मग गळतो, आणि त्याच जागीं नवा येतो. जुन्या केसाबरोबर त्याचे रंगारीहि बहुतेक संपतात. नव्या केसासाठीं नवे रंगारी येतात ते गड्ड्याच्या थोडें वर असलेल्या एका राखीव सांठ्यांतून. एमी निशिमुरा या जपानी विदुषीनें आणि तिच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं हा सांठा दाखविला, आणि तो आटला कीं केस पिकतात हें २००५ सालीं सिद्ध केलें. मोठ्या मानसिक ताणानें तो लवकर आटूं शकतो, हें उंदरांच्या बाबतींत २०२० सालीं आढळून आलें. तेव्हां 'काळजीनें केस पिकले' या म्हणण्यांत थोडें तथ्य असावें. कलप आणि मेंदी फक्त मृत केसाला रंगवितात. महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर या वेगानें पांढरी मुळें खालून वर येतात, आणि पुढचा खर्च सुरू होतो.

या राखीव सांठ्याची गोष्ट येथेंच ठेवतों आणि त्या मुलीच्या डागाकडे येतों.

आपण ज्याला कोड म्हणतों त्यांत कातडीचा तो भाग रंगपेशींवांचून उघडा पडलेला असतो. त्या निजलेल्या नसतात, रुसलेल्या नसतात. तेथून त्या नाहींशा झालेल्या असतात. त्यांना मारणारे आपल्याच रक्तांतले शिपाई, जंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. रंगपेशींतील कांहीं प्रथिनांना त्या परकें समजूं लागतात. असें कां होतें तें पूर्णपणें उमगलेलें नाहीं. आनुवंशिक कल थोडा असतो, परंतु बहुतेक रोग्यांच्या घरांत दुसऱ्या कोणासहि कोड नसतें. जगांत शंभरांत सुमारें एका माणसास किंवा त्याहून थोड्या कमी लोकांस हा विकार होतो. जेथें कातडी वरचेवर घांसली जाते, म्हणजे कोपर, गुडघे, कमरेवर जेथें परकराची नाडी बसते ती जागा, तेथें तो अनेकदां प्रथम दिसतो. मासे खाऊन वर दूध प्यालें म्हणून, आंबट खाल्लें म्हणून, कोणाचें उष्टें खाल्लें म्हणून तो होत नाहीं. तो स्पर्शानें, भांड्यानें, कपड्यानें, एका अंथरुणानें पसरत नाहीं. तो लग्नानेंहि पसरत नाहीं.

कांहीं डाग मात्र आपण विकत घेतों. कपाळावर चिकटवावयाच्या टिकल्यांच्या गोंदांत कधीं कधीं पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल नांवाचें द्रव्य असतें. त्याची ठेवण टायरोसीनसारखी असल्यामुळें रंगपेशी फसते, त्याला आंत घेते, आणि त्याच्या विषानें मरते. टिकलीएवढाच, टिकलीच्याच जागीं पांढरा ठिपका पडतो. रबरांतील अशाच एका द्रव्यानें अमेरिकेंतल्या चामड्याच्या कारखान्यांत मोजे घालून काम करणाऱ्या मजुरांचे हात पांढरे पडल्याचें १९३९ सालींच नोंदलें गेलें आहे. कपाळावर खाज किंवा फिकेपणा दिसतांच टिकली बंद करून कुंकवाकडे वळावें.

कोडाचें खरें दुःख कातडींत नसून त्याच्या नांवांत आहे. कोड हा शब्द कुष्ठ या शब्दापासूनच निघाला. संस्कृतांत कुष्ठ हा शब्द कातडीच्या नाना विकारांना लावीत. मराठींत एकाच मुळापासून दोन विकारांचीं नांवें आलीं, आणि लोकांनीं नांवावरून नातें जोडलें. वस्तुतः दोहोंचा संबंध नाहीं. महारोग हा जंतूंचा रोग. हान्सेन या नॉर्वेच्या डॉक्टरनें १८७३ सालीं त्याचा जंतु पाहिला. महारोगाचा डाग फिकट किंवा तांबूस असतो, खडूसारखा पांढरा नसतो, आणि तेथें बहुधा स्पर्श कळत नाहीं. डोळे मिटून बसलेल्या रोग्याच्या डागावर कापसाची वात फिरवावी. कोडाच्या डागावर ती लगेच कळते. त्या मुलीला मीं तसें करून पाहिलें. वात टेकतांच तिनें हात मागें घेतला. निदान अर्थात् डॉक्टरांकडूनच करून घ्यावें.

हें सांगतांना मला थोडा संकोचहि वाटतो. 'हा महारोग नव्हे, सबब भिऊं नका' असें म्हणणें म्हणजे महारोग्याला भिण्यास हरकत नाहीं, असें म्हणण्यासारखें आहे. तें या विदर्भांत तरी कोणी म्हणूं नये. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं महारोग्यांची सेवा आरंभिली, सेवाग्रामांत परचुरे शास्त्र्यांची शुश्रूषा गांधीजींनीं स्वतः केली, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं १९४६ सालीं तपोवन काढलें. बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिति १९४९ ची. त्या वेळीं हातांत खात्रीचें औषध फारसें नव्हतें. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेनें पुरस्कारिलेली बहुविध औषधांची योजना आली. तीं औषधें सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात, रोग बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळांत रोग्यापासून संसर्गाचा धोका उरत नाहीं. महारोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची कायद्यांतील तरतूद २०१९ सालीं काढून टाकण्यांत आली. कायद्यानें महारोगासाठीं जें सोडलें तें काटोलकडच्या त्या वरपक्षानें कोडासाठीं धरून ठेवलें होतें.

आतां उपचार. आपल्या वैद्यांनीं बावचीचें बीं लावून ऊन घ्यावें असें प्राचीन काळापासून सांगितलें आहे. ही कल्पना पोकळ नव्हती. बावचींत सोरॅलेन नांवाचें द्रव्य असतें. १९३३ सालीं भारतीय रसायनशास्त्रज्ञांनीं तें वेगळें काढलें. तें कातडीला किरणांविषयीं हळवी करतें. इजिप्तमध्येंहि नाईलकांठच्या एका वनस्पतीचा असाच उपयोग होत असे, कैरोच्या डॉ. एल् मोफ्ती यांनीं १९४० नंतरच्या दशकांत त्यांतील द्रव्य रोग्यांस देऊन उन्हांत बसविण्यास प्रारंभ केला. परंतु घरच्या घरीं बावची लावून नागपूरच्या वैशाखांत उभें राहाणें म्हणजे फोडांना आमंत्रण. असे भाजलेले हात मीं पुष्कळ पाहिले आहेत. हल्लीं बहुधा अतिनील किरणांतील एक अरुंद पट्टाच दिव्यानें, मोजून, आठवड्यांतून दोन-तीन वेळां देतात. जोडीस त्या शिपायांना आंवरणारीं मलमें असतात, आणि या जातीचें एक नवें मलम २०२२ सालीं अमेरिकेंत मान्य झालें आहे. डाग वर्षभर स्थिर राहिला असेल, तर चांगल्या कातडींतील रंगपेशी काढून तेथें लावतांहि येतात. सर्वांना गुण येतो असें नाहीं. चेहऱ्यावर लवकर येतो; बोटांच्या टोंकांवर आणि ओठांवर फार उशीरां, कधीं येतहि नाहीं.

याचें कारण त्या राखीव सांठ्यांत आहे. कातडीच्या रंगपेशी मेल्या तरी केसांच्या मुळांजवळचे राखीव रंगारी पुष्कळदां शाबूत असतात. किरणांची हांक आली कीं ते केसाच्या वाटेनें वर चढतात आणि कातडींत उतरतात. म्हणून रंग परततो तो कडेकडून आंत सरकत थोडा येतो, परंतु मुख्यतः डागाच्या मध्येंच, प्रत्येक केसाभोंवतीं एक तपकिरी ठिपका, असा येतो. मग ठिपके वाढतात आणि एकमेकांना मिळतात. जेथें केसच नाहींत तेथें वाट नाहीं. डागावरचे केससुद्धां पांढरे झाले असतील तर सांठाहि लुटला गेला आहे, असें समजावें. त्या दिवशीं मीं भिंग घेऊन मुलीच्या कोपरावरची लव पाहिली होती. ती काळी होती.

उपचारास तीन महिने झाले तरी कांहीं दिसेना, आणि बापानें येणें-जाणें परवडत नाहीं असें एकदां सुचविलेंहि. मीं त्यास आणखी थोडा धीर धरण्यास सांगितलें. चौथ्या महिन्यांत ती आली तेव्हां बाही आधींच दुमडलेली होती. घरीं आरशांत पाहून तिनें ठिपके मोजून ठेवले होते. कोपरावर तेवीस. मनगटावर अजून एकहि नव्हता. तेथील लव विरळ आहे.